छिद्रजलाच्या क्लोराईडवरून गॅस हायड्रेट कसे मोजावे: नमुन्यापासून खारट पाण्याच्या अर्थापर्यंत

समुद्रतळाच्या गाळात गॅस हायड्रेट (पाणी आणि मिथेन वायूचे बर्फासारखे घन) किती आहे हे ठरवण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे त्या गाळाच्या छिद्रांतून पिळून काढलेले पाणी, म्हणजेच छिद्रजल. हायड्रेट तयार होताना पाण्याचे रेणू मिथेनभोवती पिंजरे बांधतात. मिठाला त्यात जागा नसते, ते बाहेरच राहते. कोअर, म्हणजे नळीत काढलेला गाळाचा उभा नमुना, जहाजावर येईपर्यंत दाब उतरतो, तापमान चढते, हायड्रेट फुटते आणि त्यातले गोडे पाणी भोवतालच्या खाऱ्या पाण्यात मिसळते. क्लोराईड जितके घटले तितके हायड्रेट, असा हा हिशोब.

हिशोब सोपा आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे: हायड्रेटने बाहेर टाकलेले मीठ तिथून निघून गेले आहे. ते अजून तिथेच असेल तर क्लोराईड घटलेले दिसत नाही, कधी उलट वाढलेलेच दिसते. मग जिथे हायड्रेट भरभरून आहे आणि आजही वाढते आहे, नेमक्या त्याच जागेपुढे वहीत ‘हायड्रेट नाही’ अशी नोंद होते. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यावर मिठाचा माग ठेवला आहे.

हाताशी ठेवायचे आकडे

मिथेनचे नेहमीचे हायड्रेट पहिल्या प्रकारच्या रचनेचे असते: ४६ पाण्याचे रेणू आणि ८ पिंजरे. सगळे पिंजरे भरले तर एका मिथेनमागे ५.७५ पाणी पडते. निसर्गात काही पिंजरे रिकामे राहतात, म्हणून ६ धरतात. एका मोल हायड्रेटचे वजन मग सुमारे १२४ ग्रॅम होते आणि त्यातले १०८ ग्रॅम पाणी असते. घनता ०.९२ धरली तर १ घनसेंटिमीटर हायड्रेटमधून ०.८० मिलिलीटर पाणी सुटते. हा ०.८ पुढे सतत लागणार आहे. १ घनमीटर हायड्रेटमधून प्रमाण तापमान-दाबाला सुमारे १६४ घनमीटर वायू निघतो.

३५ क्षारतेच्या समुद्राच्या पाण्यात क्लोराईड लिटरला ५५९ मिलिमोल आणि सल्फेट सुमारे २८.९ मिलिमोल असते. सोडियम-क्लोराईड गुणोत्तर ०.८६, ब्रोमाईड-क्लोराईड गुणोत्तर सुमारे ०.००१५. ही दोन गुणोत्तरे खारट पाण्याचा उगम ओळखताना कामी येतात.

पायरी १: हायड्रेट कुठपर्यंत टिकेल ते आधी काढा

कोअर काढण्याआधी स्थैर्यक्षेत्राचा, म्हणजे हायड्रेट टिकू शकते त्या पट्ट्याचा, तळ कागदावर काढून ठेवावा. त्याखालची क्लोराईडची घट हायड्रेटच्या खात्यावर लावता येत नाही. समुद्राच्या पाण्यात मिथेन हायड्रेटसाठी २.५ ते १० मेगापास्कल या टप्प्यात चालणारे सूत्र असे:

१ ÷ तापमान (केल्व्हिन) = ०.००३७९ − ०.०००२८३ × लॉग₁₀(दाब, मेगापास्कल)

उदाहरण घेऊ. पाण्याची खोली ८०० मीटर, तळाचे तापमान ५ अंश सेल्सिअस, गाळात किलोमीटरला ५० अंश वाढ. तळाखाली १०० मीटरवर दाब सुमारे ९.२ मेगापास्कल, सूत्राने मर्यादा ११.१ अंश, प्रत्यक्ष तापमान १० अंश. म्हणजे हायड्रेट टिकते. १३० मीटरवर मर्यादा ११.५ आणि प्रत्यक्ष तापमानही ११.५. इथे स्थैर्यक्षेत्राचा तळ आला.

आता त्याच गाळात छिद्रजल समुद्राच्या पाण्याच्या अडीचपट खारट आहे असे समजा. शुद्ध पाण्याच्या तुलनेत समुद्राचे साधे पाणी स्थैर्याची मर्यादा सुमारे १.१ अंशाने खाली ओढते. अडीचपट खारट पाणी सुमारे ३ अंशांनी. जास्तीच्या २ अंशांमुळे तळ १३० वरून जवळपास ८० मीटरवर येतो. मिठाचा परिणाम एवढा मोठा आहे. भूकंपीय छेदातली (ध्वनिलहरींनी काढलेल्या गाळाच्या चित्रातली) स्थैर्यक्षेत्राचा तळ दाखवणारी परावर्तनाची रेषा वायूच्या झोताजवळ अचानक वर उचललेली दिसली, तर उष्ण पाण्याइतकाच खारट पाण्याचाही संशय घ्यावा.

पायरी २: कोअर डेकवर आल्यावरची पहिली काही मिनिटे

हायड्रेट फुटताना उष्णता शोषून घेते, मिथेनच्या एका मोलमागे सुमारे ५४ किलोज्यूल. त्यामुळे हायड्रेट असलेला तुकडा शेजारच्या गाळापेक्षा स्पष्ट थंड पडतो. कोअरची प्लॅस्टिक नळी डेकवर येताच तिच्यावरून अवरक्त कॅमेरा फिरवावा आणि थंड पट्ट्यांची खोली लिहून घ्यावी. उशीर झाला तर वायूच्या प्रसरणामुळे पडलेल्या भेगाही थंड दिसतात, नळीतून पाणी ओघळते आणि पट्टे पसरून पुसट होतात. ऊन पडलेल्या बाजूचे वाचन घेऊ नये. नळी सावलीत ठेवून, ओली असल्यास पुसून मगच घ्यावे.

नमुने दोन जातींचे हवेत: थंड पट्ट्यातले आणि दोन पट्ट्यांच्या मधले. उत्साहाच्या भरात फक्त थंड पट्टे कापले जातात आणि मग तुलनेसाठी आधाररेषाच, म्हणजे हायड्रेट नसतानाचे क्लोराईडच, उरत नाही. ही चूक नंतर प्रयोगशाळेत दुरुस्त होत नाही. साधारण ६.६ सेंटिमीटर व्यासाच्या कोअरमधून १० सेंटिमीटर लांबीचा अख्खा तुकडा कापला की मऊ गाळातून सहसा ३०-४० मिलिलीटर पाणी मिळते. खाली गाळ घट्ट होत जातो. तिथे १५ सेंटिमीटर घ्यावे.

कापण्याआधी सुरक्षेचे पाहा. वायू फुगल्याने नळी फुटू शकते किंवा टोकातून गाळ जोराने बाहेर येतो. टोकासमोर कोणी उभे राहू नये, नळीला छोटी भोके पाडून वायू सोडावा, आणि हायड्रोजन सल्फाइडचा गजर चालू असल्याशिवाय काम सुरू करू नये.

तुकडा हातात आल्यावर पोत नोंदवा. हायड्रेट फुटलेला गाळ पातळ, सूपासारखा होतो किंवा फेसाळ, हवा भरल्यासारखा दिसतो. कॅमेरा चुकला तरी हा पोत सहसा दगा देत नाही.

पायरी ३: पाणी पिळणे

तुकड्याची बाहेरची बाजू स्वच्छ पात्याने ५ ते १० मिलिमीटर खरवडून टाकावी. ड्रिलिंगचे पाणी नळीच्या कडेने शिरते आणि थंड पट्ट्यातून सुटलेले गोडे पाणीही याच फटीतून खालच्या थरांत उतरते. भेगा पडलेल्या गाळात खरवडून भागत नाही. मधला सलग गोळाच घ्यावा.

गोळा टायटॅनियमच्या किंवा गंजरोधक पोलादाच्या पिळणीत गाळणकागदांवर ठेवून हायड्रॉलिक दाबयंत्राखाली हळूहळू दाब वाढवावा. पहिले काही थेंब टाकून द्यावेत. ते गाळणकागद आणि पिचकारी धुण्यासाठीच असतात. पुढचे पाणी हवा न लागू देता पिचकारीत घ्यावे आणि ०.२ किंवा ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून कुपीत उतरवावे. एकदम मोठा दाब दिला तर चिकणमातीच्या थरांमधले बांधलेले पाणीही निघू लागते आणि क्लोराईड खोटेच कमी येते. घट्ट मातीत ही शंका असेल तर एकाच तुकड्याचे सुरुवातीचे आणि शेवटचे पाणी वेगळे मोजून पाहावे.

मऊ, वरच्या गाळासाठी रायझॉन ही सच्छिद्र काडी सोयीची आहे. छिद्रे सुमारे ०.१५ मायक्रोमीटरची असल्याने वेगळी गाळणी लागत नाही. काडी आधी शुद्ध पाण्यात भिजवतात. ते पाणी नमुन्यात उतरते, म्हणून सुरुवातीचा अर्धा ते एक मिलिलीटर टाकलाच पाहिजे. टाकला नाही तर गोड्या पाण्याची घट दिसते, ती काडीची असते, हायड्रेटची नव्हे.

वाटणी आधीच ठरवून ठेवा: क्षारधर्मितेची (आम्ल सामावून घेण्याच्या क्षमतेची) मोजणी लगेच, क्लोराईड व सल्फेटसाठी बंद काचेची कुपी, ऑक्सिजन-हायड्रोजन समस्थानिकांसाठी काठोकाठ भरून बंद केलेली वेगळी कुपी. कुपी सैल राहिली की पाणी उडते आणि क्लोराईड व δ¹⁸ओ (जड ऑक्सिजनचे प्रमाण) दोन्ही वाढतात.

पायरी ४: क्लोराईड मोजणे

क्लोराईडमधली एक टक्का चूक म्हणजे हायड्रेटच्या अंदाजात सव्वा टक्क्याची चूक. हातातला अपवर्तनमापक खारट किंवा गोड्या पाण्याची मोठी झेप तेवढी दाखवतो. हायड्रेटच्या हिशोबाला तो पुरत नाही.

सिल्व्हर नायट्रेटचे अनुमापन अजूनही उत्तम आहे. ०.१ मिलिलीटर नमुना, थोडे शुद्ध पाणी, पोटॅशियम क्रोमेटचे सूचक आणि ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट. ५६० मिलिमोलच्या नमुन्याला ०.५६ मिलिलीटर लागते. म्हणजे एक टक्का म्हणजे जेमतेम ५.६ मायक्रोलीटर, साध्या ब्युरेटवर ते वाचता येत नाही, सूक्ष्म ब्युरेट हवी आणि पिपेटची खात्री तराजूवर करून घ्यायला हवी. दर आठ-दहा नमुन्यांमागे प्रमाणित समुद्रजल चालवावे. सामू ६.५ ते १० यांच्या मध्येच ठेवावा.

नमुन्यात सल्फाइड असेल तर काळा साका पडतो, सिल्व्हर वाया जाते आणि क्लोराईड जास्त येते. अशा नमुन्याला नायट्रिक आम्ल घालून सल्फाइड वायुरूपात घालवावे आणि अनुमापनापूर्वी सामू पुन्हा वर आणावा. अनुमापनात ब्रोमाईड व आयोडाईडही क्लोराईड म्हणून मोजले जातात. सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेल्या गाळात हे दोन मिळून काही मिलिमोल होऊ शकतात, तेव्हा आयन क्रोमॅटोग्राफीने त्यांची वजाबाकी करावी.

पायरी ५: समुद्राच्या पाण्याची भेसळ वजा करणे

सल्फेट-मिथेन संक्रमणाच्या (वरचे सल्फेट संपून मिथेन सुरू होते त्या पातळीच्या) खाली छिद्रजलात सल्फेट जवळपास शून्य असते. तिथे सल्फेट सापडले तर ते बहुधा ड्रिलिंगच्या पाण्याचे. समजा १.४५ मिलिमोल मिळाले, २८.९ ने भागले की भेसळ ५ टक्के. मोजलेले क्लोराईड ४५० आणि ड्रिलिंगच्या पाण्याचे ५४० असेल तर:

(४५० − ०.०५ × ५४०) ÷ ०.९५ = ४४५

ड्रिलिंगचे पाणी पृष्ठभागावरचे असते, तळाचे नव्हे. त्याचे क्लोराईड वेगळे मोजून ठेवा. दुसरी खबरदारी अशी की सल्फाइडला हवा लागली की त्याचेच सल्फेट बनते. मग भेसळ नसतानाही भेसळ दिसते.

पायरी ६: आधाररेषा

माझ्या मते सगळ्या कामात सर्वांत जास्त चुका इथे होतात. ५५९ ही रेषा सरळ खाली ओढून प्रत्येक घट हायड्रेटच्या नावावर टाकणे हा आळस आहे. शेवटच्या हिमयुगात महासागर सुमारे ३ टक्के अधिक खारट होता; ते पाणी तळाखाली काही डझन मीटरवर अजून सापडते आणि तिथे आधार ५७० च्या आसपास असू शकतो. आणखी खाली खोलवरून आलेले कमी खारट पाणी आधार कमी करत जाते. अटलांटिकमधल्या ब्लेक रिजवर १९९५ साली ओशन ड्रिलिंग प्रोग्रॅमच्या १६४व्या मोहिमेत नेमके हेच दिसले: एकूण क्लोराईड खोलीबरोबर हळूहळू घटत होते आणि हायड्रेटच्या टोकदार घटी त्या घटत्या रेषेवर उमटल्या होत्या.

फरक किती पडतो? मोजलेले ४९० असताना आधार ५५९ घेतला तर हायड्रेट छिद्रांच्या १५ टक्के येते. खरा आधार ५१० असेल तर फक्त ५ टक्के.

म्हणून थंड पट्टे नसलेल्या, पोत न बिघडलेल्या नमुन्यांमधूनच गुळगुळीत रेषा काढावी. सर्वांत जास्त क्लोराईडच्या बिंदूंना जोडत जाऊ नये. त्यातले काही खारट पाण्याचे असू शकतात.

पायरी ७: हिशोब

हायड्रेटचा छिद्रांतला वाटा = (आधार − मोजलेले) ÷ (आधार − ०.२ × मोजलेले)

आधार ५६०, मोजलेले ४४८: ११२ ÷ ४७०.४ = ०.२४, म्हणजे २४ टक्के. हा वाटा छिद्रांचा आहे, गाळाचा नाही. सच्छिद्रता ६० टक्के असेल तर गाळाच्या आकारमानात तो १४ टक्के होतो. अहवालांमध्ये या दोन टक्क्यांची अदलाबदल वारंवार होते, तेव्हा प्रत्येक आकड्यापुढे ‘छिद्रांचा’ की ‘गाळाचा’ हे लिहावेच.

क्लोराईड वाढलेले असेल तेव्हा

वरचे सूत्र मीठ निघून गेले आहे असे धरते. निघून जायला किती वेळ लागतो? थंड गाळात क्लोराईडचा विसरण गुणांक सेकंदाला सुमारे ५ × १०⁻¹⁰ चौरस मीटर असतो. त्या हिशोबाने मीटरभर अंतर कापायला साधारण ३० वर्षे आणि १० मीटरला सुमारे ३,००० वर्षे. चिंचोळ्या पट्ट्याभोवतीचे मीठ काही दशकांत विरते. दहा-वीस मीटर जाडीच्या खारट थराला हजारो वर्षे लागतात. त्यामुळे जाड खारट थर सापडला तर हायड्रेट अलीकडे, वेगाने बनले आहे आणि वायूचा पुरवठा चालू आहे, असा अर्थ निघतो.

ओरेगॉनच्या किनाऱ्यापलीकडच्या हायड्रेट रिजच्या दक्षिण शिखरावर त्याच प्रोग्रॅमच्या २००२ मधल्या २०४व्या मोहिमेत तळाखालच्या वरच्या काही मीटरांत क्लोराईड १,३७० मिलिमोलपर्यंत गेलेले आढळले, समुद्राच्या पाण्याच्या जवळपास अडीचपट. तेही हायड्रेट फुटून गोडे पाणी मिसळल्यानंतरचे. अशा जागी विरघळलेला मिथेन एकटा एवढे हायड्रेट बनवू शकत नाही. वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर येत असला पाहिजे. हायड्रेट बनत जाते, पाणी खारट होत जाते, आणि एका क्षणी त्या दाब-तापमानाला ते इतके खारट होते की पुढे हायड्रेट बनूच शकत नाही. मग उरलेला वायू स्थैर्यक्षेत्राच्या मधून वायूच राहून वर सरकतो आणि थेट समुद्रतळावर बाहेर पडतो. वायू, हायड्रेट आणि खारट पाणी एकाच ठिकाणी नांदतात ते असे.

अशा जागी क्लोराईडवरून हायड्रेट काढण्याचा नाद सोडून दाब राखून आणलेला कोअर वापरावा. समजा अशा कोअरमध्ये २ लिटर गाळ आहे, सच्छिद्रता ६० टक्के, म्हणजे छिद्रे १.२ लिटर. दाब सावकाश उतरवताना २५ अंशांना आणि एका वातावरणाच्या दाबाला २० लिटर मिथेन निघाला: ०.८२ मोल. त्यातला पाण्यात विरघळलेला, लिटरला ७० मिलिमोल धरून, सुमारे ०.०८ मोल वजा करा. उरले ०.७४ मोल. एका मोल हायड्रेटचे आकारमान १३५ घनसेंटिमीटर, म्हणून हायड्रेट १०० घनसेंटिमीटर, छिद्रांच्या ८.३ टक्के.

आता पायरी उलटी चढायची. दाब उतरल्यानंतर पाण्यात क्लोराईड ६०० निघाले तर जागेवरचे क्लोराईड:

६०० × (०.९१७ + ०.८ × ०.०८३) ÷ ०.९१७ = ६४३

इथे साध्या सूत्राने हायड्रेट ऋण आले असते. आधार ५६० असताना मोजलेले नेमके ५६० आले असते तर त्याचा अर्थ सगळे मीठ त्याच तुकड्यात अडकून आहे. ६०० आले म्हणजे शेजारच्या मोठ्या गाठींनी टाकलेले मीठही इथे पोचले आहे. दाब उतरवताना घाई करू नये: वायूबरोबर पाणी व गाळ उडाला की दोन्ही बाजूंचा ताळेबंद बिघडतो.

खारट पाणी हायड्रेटचेच आहे का, हे गुणोत्तरे सांगतात. हायड्रेटने मीठ बाहेर टाकले असेल तर सोडियम, क्लोराईड, ब्रोमाईड सगळे एकाच पटीत वाढतात, सोडियम-क्लोराईड ०.८६ च राहते. खाली मिठाचे थर विरघळत असतील तर हे गुणोत्तर १ कडे जाते आणि ब्रोमाईड-क्लोराईड कोसळते. ज्वालामुखी राखेचे रूपांतर होताना पाणी खनिजांत बांधले जाऊन क्लोराईड किंचित वाढते, पण कॅल्शियम चढते, मॅग्नेशियम-पोटॅशियम उतरतात.

क्लोराईड घटले आहे, पण कोणी घटवले?

इथे समस्थानिके लागतात. हायड्रेट जड पाणी पसंत करते. त्याच्या पाण्यात δ¹⁸ओ सुमारे ३ आणि δडी (जड हायड्रोजनचे प्रमाण) सुमारे २० सहस्रांशांनी अधिक असते. म्हणून हायड्रेटच्या घटीत दोन्ही वर जातात. खोलवर स्मेक्टाइट या चिकणमातीच्या खनिजाचे इलाइट हे दुसरे खनिज होताना सुटलेल्या पाण्यात δ¹⁸ओ वर जाते पण δडी खाली येते. पावसाचे भूजल असेल तर दोन्ही खाली. δडी मोजायची कुपी वाचवण्यासाठी हा फरक सोडून देणे महागात पडते, कारण पहिल्या दोन प्रकारांत क्लोराईड आणि δ¹⁸ओ एकसारखेच वागतात.

रोधकतेशी ताडून पाहताना

विहिरीत मोजलेल्या रोधकतेवरून (विजेला होणाऱ्या अडथळ्यावरून) हायड्रेट काढायच्या आर्चीच्या सूत्रात छिद्रजलाची रोधकता घालावी लागते आणि सवयीने समुद्राच्या पाण्याचीच घातली जाते. १० अंशांना ती सुमारे ०.२६ ओहम-मीटर. सच्छिद्रता ०.६, दोन्ही घातांक २, मोजलेली रोधकता १.० असेल तर हायड्रेट १५ टक्के येते. पाणी दुप्पट खारट असेल तर त्याची रोधकता ०.१४ होते आणि तोच रोधकतेचा आलेख ३८ टक्के सांगतो. उलट चूकही होते: कृष्णा-गोदावरी खोऱ्यात २००६ च्या मोहिमेत चिकणमातीच्या उभ्या भेगांत हायड्रेट भरलेले सापडले, आणि अशा भेगांमुळे उभ्या विहिरीतली रोधकता फुगते, सूत्र प्रमाणाबाहेर हायड्रेट दाखवते. म्हणून रोधकतेचा आलेख छापताना त्याच खोलीचे जागेवरचे क्लोराईड शेजारच्या रकान्यात द्यावे आणि ते दाब राखलेल्या कोअरवरून काढले की साध्या कोअरवरून गृहीत धरले, हेही तिथेच नोंदवावे.